आधी आईकडे बघा

जूनचा दुसरा आठवडा, संध्याकाळचे साडेसात. दारात आमचा वॉचमन उभा, हातात बुटांचा खोका. "मॅडम, चार हायेत. मीटररूममधी घावली. आई मेली वाटतं, दुपारपासून दिसली नाय." खोक्यात चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून किंचाळत होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, एकाच्या पोटाला नाळेचा वाळलेला तुकडा अजून लोंबत होता. मी खोका आत घेतला, कोमट दुधात कापूस बुडवला आणि स्वतःवर जरा खूश झाले.

अकराच्या सुमारास खालून आवाज यायला लागला. मांजरं भांडतात तसा नाही, कुणी हाका मारतं तसा. खाली जाऊन बघते तर एक तिरंगी भाटी मीटररूमच्या दारात नुसती घिरट्या घालत होती. पावसाने केस अंगाला चिकटलेले, पोटाखालचे सड दुधाने तट्ट फुगलेले. मेली वगैरे कुठे! पोट भरायला मासळीवाल्यांपर्यंत जाऊन आली होती, एवढंच. मी खोका तिच्यापुढे ठेवला. तिने आधी मला फिस्कारून मागे हटवलं, मग एकेक पिल्लू मानगुटीला धरून मीटरच्या पेट्यांमागे नेलं. दोन मिनिटांत किंचाळणं बंद. साडेतीन तास माझा कापूस हरला होता.

डोंबिवलीतली ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. त्यानंतर आमच्या मोरीत सात वेतं वाढली. आता आजूबाजूच्या सोसायट्यांतून फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पिल्लांना काय पाजू?" माझाही उलटा प्रश्न ठरलेला, "आई कुठे आहे?" पिल्लं गोंडस असतात, हातात मावतात, फोटोत छान दिसतात. आई मळकी, हडकलेली, अंगावर येणारी. म्हणून सगळी दया पिल्लांच्या वाट्याला येते आणि आई पायरीवरून हाकलली जाते. माझं सांगणं उलटं आहे. आई सांभाळलीत तर पिल्लांचं बहुतेक सगळं ती बघते. आई सुटली, तर तिच्या एकटीच्या कामासाठी घरातली दोन माणसं आठवडाभर जागी राहतात, आणि तरीही पिल्लू जाऊ शकतं.

तेव्हा पिल्लं दिसली की पहिलं काम म्हणजे हात मागे घेणं. भाटी शिकारीला, पाण्याला, नवी जागा हेरायला दोन-चार तास, कधी त्याहून जास्तही बाहेर राहते. पिल्लं एकमेकांना बिलगून गप्प झोपलेली असतील, पोटं गोल असतील, अंग उबदार असेल, तर आई आहे आणि येणार आहे. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे पिल्लांभोवती गव्हाच्या पिठाची पातळ रेघ ओढायची आणि लांब जायचं. अगदी लांब. जिन्यात उभं राहून टक लावून बघत बसलात तर ती येणारच नाही. तीन-चार तासांनी जाऊन बघा. पिठात पंजे उमटलेले असले की प्रश्न मिटला. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लांना टाकते, असं सर्रास सांगतात. मांजरीच्या बाबतीत ते खरं नाही. वर्दळ वाढली, जागा उघडी पडली तर ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, ते उगीच नाही. म्हणून तुम्ही जितके कमी वेळा डोकवाल तितकं बरं.

मात्र पिल्लं गार लागत असतील, भिजलेली असतील, न थांबता ओरडत असतील किंवा अंगाला मुंग्या लागल्या असतील, तर वाट बघत बसू नका. मुंग्यांचं मुद्दाम लिहिते, कारण नाळेच्या ओलसर तुकड्याला लाल मुंग्या लागलेली पिल्लं मी दोनदा बघितली आहेत.

घरी आणायची वेळ प्रत्येक वेळी येतेच असं नाही. जागा कोरडी आहे, कुत्री पोचत नाहीत, लोक चांगले आहेत, तर तिथेच एक आडवा खोका, जुनी साडी, पाणी आणि दोन वेळचं खाणं ठेवलं तरी भागतं. पण पावसाळ्यात तळघरात पाणी शिरणार असेल, जागा गाड्यांच्या चाकांखाली असेल, किंवा "उद्या पोत्यात भरून मासळी बाजारात सोडून येतो" अशी भाषा कानावर आली असेल, तर उचलावंच लागतं. ती भाषा करणाऱ्यांना एवढं सांगून ठेवा की जनावराला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. भांडू नका, आवाज चढवू नका. कलमाचा आकडा शांतपणे सांगितला की जास्त लागू पडतो.

उचलताना आधी आई. पिंजरा किंवा मांजराची वरून उघडणारी पेटी आणा, आत वासाचं काहीतरी ठेवा. सुके बोंबील जरा भाजले की त्याला तोड नाही. ती आत गेली की झाकण लावा, वर चादर टाका. मग पिल्लं दुसऱ्या खोक्यात घ्या आणि दोन्ही एकाच फेरीत घरी आणा. "पिल्लं आज नेते, आईला उद्या बघू" असं कधीही करू नका. उद्या ती तिथे नसते. व्यालेल्या भाटीला उघड्या हाताने धरायचा पराक्रमही नको, जाड टॉवेल वापरा. एवढं करून चावलीच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. मांजराचा दात सुईसारखा असतो, वरून भोक इवलंसं दिसतं आणि आत पू होतो. हळद भरून घरी बसू नका.

घरात तिला एक बंद खोली लागते. आमच्याकडे मोरीच आहे, आणि खरं सांगायचं तर मोरीच बरी. धुता येते, दार लागतं, लपायला फर्निचर नाही. फक्त भरलेली बादली तिथून हलवा. चढायला शिकलेलं पिल्लू बादलीच्या काठावर जातं आणि आत पडतं, आवाजसुद्धा होत नाही. खोका असा घ्या की आई पाय पसरून झोपू शकेल. एका बाजूला वीतभर उंचीवर कापून दार करा, म्हणजे ती उडी मारून जा-ये करेल आणि पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. आत जुनी सुती साडी किंवा लुगडं. टर्किश टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत पिल्लांची नखं अडकतात. खोका कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे, वर अर्धं झाकण. दुसऱ्या टोकाला घमेल्यात वाळू नाहीतर लाकडाचा भुसा. दोन्हींमध्ये खाणं-पाणी. घरात दुसरं मांजर असेल तर दोन आठवडे त्यांची दृष्टभेटही नको. हे सोवळं जंतूंसाठी पाळायचं.

पहिले दोन दिवस ती फारसं खाणार नाही, कोपऱ्यात दबून बसेल, दार उघडलं की गुरगुरेल. घाबरू नका आणि "गरीब बिचारी" म्हणून कुरवाळायलाही जाऊ नका. वाटी ठेवा, दार लावा. शेजारच्या मुलांना पिल्लं दाखवायचा कार्यक्रम तीन आठवडे पुढे ढकला. मुलं रुसतील, रुसू द्या.

आता खाणं. इथे मला आपल्या म्हणींशीच भांडण काढावं लागणार आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणे! पीत असेल, पण मोठ्या मांजराला गाईम्हशीचं दूध धड पचत नाही. त्यातली साखर पचवणारा रस वाढत्या वयात आटतो आणि पोट बिघडतं. दूध येण्यासाठी दूध पाजायचं, हा आपला बाळंतिणीवरून घेतलेला हिशोब इथे चालत नाही. दूधपोळी, दूधभात हे तर पोट भरल्याचं नाटक. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला खाण्यातूनच लागतं आणि ते मांस-मासळीतच असतं. ते मिळालं नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. "आमच्याकडे चालत नाही हो," असं मला अनेक घरांतून ऐकायला मिळतं. चालत नसेल तर शिजवू नका. पिल्लांसाठीचं तयार सुकं खाणं पाकिटात मिळतं, ते वाटीत ओतायला सोवळं मोडत नाही. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात अंडं फोडलं नव्हतं, पण "मनीची वाटी रिकामी आहे गं" हे त्याच आधी सांगायच्या.

पाकीट पिल्लांचंच घ्यायचं आणि तेच आईला द्यायचं, कारण त्यात ताकद जास्त असते. अंगावर पाजणारी भाटी एरवीच्या दुपटीने, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिपटीनेसुद्धा खाते. मोजूनमापून देऊ नका, वाटी भरलेली राहू द्या. पाणी दोन ठिकाणी. घरी शिजवणार असाल तर कोंबडी किंवा काटे काढलेली मासळी नुसत्या पाण्यात उकडायची. मीठ नाही, हळद-तिखट नाही आणि कांदा-लसूण तर अजिबातच नाही. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाड देऊ नका, ते तुसासारखं फुटून घशात रुततं. काळीज स्वस्त म्हणून रोज द्यायचा मोह होतो. आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक, रोज नको.

पिल्लांकडे तुम्ही करायचं काम एकच, ते म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर वाटगा ठेवा, शून्य करा, पिल्लू आत ठेवा. जन्मताना साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे लिंबाएवढ्या दोन बटाट्यांइतकं. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट झालं की निम्मी काळजी सरली. रोज ठरल्या वेळी, आई खायला उठली की, पटकन. आकडा कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. डोळ्यांना सगळी पिल्लं सारखीच दिसतात, आणि जे मागे पडतंय ते कागदावर आधी कळतं. आमच्या तिसऱ्या वेतात एक काळं पिल्लू दोन दिवस एकाच आकड्यावर अडकलं होतं. दिसायला ठणठणीत. बघितलं तर दुधाच्या वेळी दांडगी भावंडं त्याला ढकलून देत होती. त्याला मागच्या सडाशी, जिथे दूध जास्त असतं, दिवसातून चार वेळा हाताने धरून लावलं. इतकंच केलं.

एखादं पिल्लू बाजूला पडलेलं, गार आणि ढिलं सापडलं, तर आपला हात आपोआप दुधाकडे जातो. थांबा. गार पिल्लाला काहीही पाजायचं नाही. त्याचं पोट चालतच नसतं, दूध आत सडतं नाहीतर फुफ्फुसात जातं. आधी ऊब. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून शेजारी ठेवा, किंवा सरळ आपल्या पोटाशी, कपड्याच्या आत धरा. ऊब हळूहळू द्यायची, अर्धा-एक तास लागतो. अंग तापलं, हालचाल सुरू झाली की हिरड्यांना साखरेच्या पाण्याचं बोट लावा आणि डॉक्टर गाठा.

आणि आई खरोखरच नसेल तर? मग पिल्लांसाठीची दूधपावडर आणायची. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथं, आईखाली असतं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूची जागा हळूच पुसायची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पिल्लाला ते आपलं आपण करता येत नाही, आई चाटून करवते. हे सगळं करण्याआधी चार ठिकाणी फोन करा. दुसरी एखादी पाजती भाटी मिळाली तर ती बहुतेक वेळा परकी पिल्लंही पोटाशी घेते.

आईकडे रोज एकदा नीट बघा. ती नुसती पडून आहे, खात नाही, अंगाला घाण वास येतोय, मागून पू किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येतोय, एखादा सड लालबुंद, कडक आणि गरम झालाय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. अंग थरथरतंय, पाय ताठ होताहेत, धापा टाकतेय, तर ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण आहे. ती तासांची बाब असते, दिवसांची नव्हे. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलाचा पत्ता जुन्या माणसांना विचारावा लागत नाही. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असला तरी तपासतात जरूर. फक्त आधी फोन करून मांजरांचं कोण बघतं ते विचारून जा.

औषधांच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. ताप आला म्हणून घरातल्या पॅरासिटामॉलचा तुकडा मांजराला देऊ नका. अर्धी गोळीही तिचा जीव घेते. मांजराच्या यकृताला काही रसायनं फोडून बाहेर टाकताच येत नाहीत, आणि पॅरासिटामॉल त्यातलं एक. त्याच कारणाने फिनेल वाईट. आपण मोठ्या स्वच्छतेने मोरी फिनेलने पुसतो, ती ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते. मोरी साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा. डेटॉलही नको. त्याच कारणाने कुत्र्यांचं पिसवांचं औषधही नको. त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, कुत्र्याच्या मानेवर चालतं आणि मांजराला झटके आणतं. पुडीवर मांजराचं चित्र आहे का ते बघा, आणि दुकानदार "चालतं हो" म्हणाला तरी बघा. कपाटात पिल्लं घातली असतील तर डांबरगोळ्या काढा. बंद मोरीत मच्छर अगरबत्ती लावू नका. वाढदिवसाच्या गुच्छातली लिलीची फुलं उंचावर नव्हे, घराबाहेरच ठेवा. तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

मग पिसवांचं काय करायचं? बारीक दातांच्या फणीने रोज विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची, हे जुनंच पण बिनधोक. गंमत वाटेल, पण इवल्या पिल्लाचं रक्त पिसवा इतकं शोषतात की हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. अंगावर काळी बारीक भुकटी दिसली तर ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. जंतांचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, वजन सांगून डॉक्टरांकडून घ्यायचं. आईलाही तेव्हाच, कारण जंत तिच्या दुधातूनच पिल्लांत उतरतात. पोट नगाऱ्यासारखं आणि पाठ हडकुळी असलेलं पिल्लू बघून लोक "खाऊन फुगलंय" म्हणतात. ते खाऊन नाही, जंतांनी फुगलेलं असतं.

घरातल्या माणसांबद्दल दोन गोष्टी. पिल्लाच्या कानामागे गोल टक्कल पडलं तर ते बहुधा गजकर्ण, आणि ते आपल्या मुलांच्या दंडावर सहज उठतं. हात धुवा, डॉक्टरला दाखवा, घाबरू नका. आणि घरात कुणी गरोदर असेल तर मांजर हाकलायची गरज नाही. जी भीती असते ती विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माची, आणि विष्ठा संसर्ग देण्याजोगी व्हायला किमान एक दिवस जावा लागतो. घमेलं रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करायचं, बस्स. हे काम नवऱ्याचं. याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

दिवस भराभर जातात. आठ-दहा दिवसांत डोळे किलकिले होतात, आधी सगळ्यांचेच निळसर. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू चालायला लागतं, म्हणजे चार पाय चार दिशांना जातात आणि पोट मध्ये राहतं. तेव्हापासून मात्र पिल्लांना रोज हातात घ्या. दोन ते सात आठवडे हे त्यांचं माणसं ओळखायचं वय. ते चुकलं तर पिल्लू आयुष्यभर पलंगाखालून बघतं. ढकललेली मुलं आता बोलवा, मिक्सर लावा, रेडिओ लावा. चौथ्या आठवड्यात बशीत ओलं मऊ खाणं. पहिल्या दिवशी ती त्यात चालतील, दुसऱ्या दिवशी बसतील, तिसऱ्या दिवशी खातील. वाळूचं घमेलं उथळ हवं. गोळा होणारी विकतची वाळू दोन महिन्यांपर्यंत नको, पिल्लं ती खाऊन बघतात.

आणि वेतातली पिल्लं एकसारखी दिसली नाहीत तर आश्चर्य वाटून घेऊ नका. एकाच वेतात दोन-तीन बोक्यांची पिल्लं असू शकतात. तळमजल्यावरच्या काकूंना हे सांगितलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला.

पिल्लं द्यायची घाई चौथ्या आठवड्यातच सुरू होते. "आता खातात की, द्या ना!" नाही. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही. भावंडांना चावताना किती चावायचं, आईने पंजा उगारला की कुठे थांबायचं, हे त्या शेवटच्या महिन्यात शिकतात. घाईने दिलेलं पिल्लू हात बोचकारतं आणि "मारकं निघालं" म्हणून परत येतं. आठव्या आठवड्यात पहिली तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. लशीचं कार्ड पिल्लाबरोबर द्या. घर बघताना मी त्या माणसांचा चेहरा कमी आणि खिडक्या जास्त बघते. चौथ्या मजल्यावर जाळी नसेल तर पिल्लू नाही, मग ते नात्यातले असोत. ज्या घरात वर्षभरात पिल्लू उलट्या-जुलाबांनी गेलं असेल, तिथेही लस न झालेलं पिल्लू देत नाही. मांजरांच्या पार्व्होचे विषाणू फरशीच्या भेगांत वर्षभर टिकून राहतात. जमलं तर दोन पिल्लं एकत्र द्या, एकमेकांना पुरी पडतात आणि सोफा वाचतो.

इथवर बहुतेक लोक येतात. पिल्लं गेली, फोटो आले, सगळे खूश, आणि दार उघडून आईला "जा बाई आता" म्हणून सोडून देतात. मीही तेच केलं. त्या पहिल्या तिरंगी भाटीला नंतर पिल्लांसकट वर मोरीत आणलं होतं; तिला ऑगस्टमध्ये, शेवटचं पिल्लू गेल्याच्या संध्याकाळी, पोटभर मासे घालून खाली सोडली. नवरात्रात ती त्याच मीटररूममध्ये पाच पिल्लं घेऊन बसली होती. भाटीचे दिवस जेमतेम त्रेसष्ट ते पासष्ट. हिशोब तुम्हीच करा. त्या पाचांतली दोन कुत्र्यांनी नेली, एक गाडीखाली गेलं. तिच्यात काही उरलं नव्हतं. पाठीचे मणके मोजता येत होते. त्या वेळी मी तिच्यासाठी खूप केलं असं सगळे म्हणत होते, आणि मला तोंड वर करवत नव्हतं.

अंगावर पाजत असतानाही भाटी माजावर येते आणि गाभण राहते. म्हणून पिल्लं लहान असेपर्यंत तिला एक मिनिटही बाहेर सोडायचं नाही, कितीही ओरडली तरी. आणि तिची पिल्लंसुद्धा चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकतात. मुलीला मुलगी व्हायच्या आत सगळ्यांची ऑपरेशनं. घेऊन जाणाऱ्यांकडून हे कबूल करून घ्या आणि पाचव्या महिन्यात तुम्हीच फोन करा, त्यांना आठवत नाही. "एकदा तरी व्यायला हवी" असं सांगणारे भेटतील. तसं काही नसतं.

पिल्लं पूर्ण सुटली की दूध आटायला साधारण दोन आठवडे द्या, मग ऑपरेशन. म्हणजे पिल्लं जन्मल्यापासून नऊ-दहा आठवडे. तारीख माहीत नसेल तर डोळे उघडले त्या दिवसापासून मागे मोजा. ज्या दिवशी ती घरी येते त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर आठवडे मोजून त्या चौकोनात "मनी – ऑपरेशन" असं लिहून ठेवा आणि दवाखान्यात वेळ घेऊन टाका, कारण या ऑपरेशनांना रांग असते आणि पिल्लं गेल्यावर आपलाही उत्साह आटतो. खर्चासाठी पिल्लं नेणाऱ्यांकडेच शब्द टाका. "पिल्लाचे पैसे नकोत, आईच्या ऑपरेशनला द्या" म्हटलं की आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. भूल दिलेली असतानाच डॉक्टरांना कानाचं टोक किंचित कापायला सांगा. मग पुन्हा कुणी तिला पकडून पोट फाडत नाही.

नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस मोरीतच. मी दहा ठेवते. टाके कोरडे आहेत, उड्या मारतेय, खातेय असं दिसलं की, घरात ठेवून घेणार नसाल तर, जिथून उचलली तिथेच सोडा. नव्या जागी सोडलेली भाटी रस्ता शोधत गाडीखाली जाते. पाऊस नसलेल्या दिवशी, सकाळी, पोट भरलेलं असताना सोडा, आणि त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला वाटी घेऊन खाली जा.